युद्ध सीमेवर, परिणाम उमरेडच्या मागावर

उमरेड : नागपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवरील उमरेड आज कोळसा खाणींमुळे ओळखले जाते. त्याची जुनी ओळख मात्र कोष्टी विणकरांची आहे. रेशमी काठांची धोतरे ही येथील मागांची ख्याती होती. रणभूमी या गावापासून नेहमीच दूर राहिली. तरीही गेल्या दीडशे वर्षांत दूरच्या युद्धांनी या भागातील कारागीर व कामगारांच्या रोजगाराचे गणित वेळोवेळी बदलले. युद्धकाळात एकाच प्रदेशातील काही हातांना काम मिळते, तर काहींचे काम सुटते.

कापसाची तेजी, विणकरांची मंदी

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा खुंटला. हिंगणघाट व वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली आणि भाव कडाडले. शेतकरी व व्यापाऱ्यांनी ही तेजी अनुभवली. पण सूत महागल्याने विणकर अडचणीत सापडले. युद्ध संपताच कापसाचे भावही कोसळले.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) वेगळीच टंचाई उद्भवली. कृत्रिम रंग तेव्हा प्रामुख्याने जर्मनीतून येत. ते बंद होताच रंगीत सूत वापरणाऱ्या विणकरांचा खर्च वाढला.

गिरणीला मागणी, मागाला टंचाई

दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) हा विरोधाभास अधिक ठळक झाला. लष्करी कापडाच्या मागणीमुळे देशातील गिरण्यांत जादा पाळ्या चालल्या. कामगारांच्या वेतनात महागाई भत्त्याची भर पडली. हातमागाला मात्र सूत मिळेनासे झाले. गिरण्या आपले सूत स्वतःच्याच मागांसाठी वापरू लागल्या आणि १९४१ च्या अखेरीस जपान युद्धात उतरल्यावर तेथून येणारे सूतही थांबले. १९४३ मध्ये सरकारने कापड व सुतावर नियंत्रण आणले, तरी काळा बाजार थांबला नाही. हातमाग व गिरण्यांच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी १९४१ मध्ये पी. जे. थॉमस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तर १९४५ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले.

१९६२ नंतरचे कारखाने

चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धानंतर चित्र पालटले. सीमेपासून दूर असलेल्या विदर्भात भंडारा, भद्रावती व नागपुरातील अंबाझरी येथे आयुध निर्माणी उभ्या राहिल्या. फिटर, टर्नर, मशिनिस्ट अशा कुशल कामगारांना कायम सरकारी नोकरी मिळाली. उमरेडची कोळसा खाणही त्याच दशकातील. मागावरून उठलेल्या घरांतील पुढच्या पिढीसमोर पगारी नोकरीचा पर्याय आला.

या नोकरीचे स्वरूपही पुढे बदलले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारा, एक वर्ष मुदतीचा कायदा झाला. मे २०२५ मध्ये पाकिस्तानबरोबर संघर्ष पेटताच भद्रावतीच्या निर्माणीतील कर्मचाऱ्यांच्या रजा रद्द करण्यात आल्या.

कामाची जोखीमही मोठी आहे. नागपूरजवळील बाजारगाव येथील स्फोटकांच्या खासगी कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या स्फोटात नऊ कामगार दगावले. त्यांत सहा महिला होत्या. भंडारा निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी आठ जणांचा बळी गेला.

युक्रेन युद्धानंतर जगभर तोफगोळ्यांची मागणी वाढली आहे. त्यामुळे विदर्भात संरक्षण उत्पादनातून रोजगाराची अपेक्षा व्यक्त होते. परंतु युद्धाची मागणी कायम टिकत नाही, हे १८६५ मध्येच दिसून आले होते. मागणी ओसरल्यावर कामगाराची नोकरी टिकेल काय, कामाच्या ठिकाणी तो सुरक्षित राहील काय आणि युद्धसामग्री न बनवणाऱ्या कारागिराला त्याचा कच्चा माल मिळत राहील काय, या तीन प्रश्नांची उत्तरे शांततेच्या काळातच द्यावी लागतील.