विष पचविणारे जंतू

पोलाद कारखान्यात दगडी कोळशाचा कोक करताना जे सांडपाणी निघते, त्यात फिनॉल असते. ते नदीत गेले तर मासे मरतात. परंतु हेच फिनॉल काही जंतूंचे अन्न आहे. हवा मिळाली की ते त्याचे रेणू फोडतात. मागे उरतो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जंतूंचा वाढलेला गाळ.

१९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी दाखवून दिले की, सांडपाण्यात हवा खेळवून तळाचा गाळ पुढच्या पाण्यात पुन्हा घातला, तर शुद्धीकरण फार लवकर होते. विरजणासारखाच हा प्रकार. आजच्या पुष्कळ जैविक टाक्या याच तत्त्वावर चालतात.

आम्ही कामगारांत वावरणारे. आम्हांला हे जंतूही कामगारच वाटतात. त्यांना हवा हवी, नत्र व स्फुरद यांचा शिधा हवा, आणि बोजा बेताचा हवा. एका रात्री विषाचा लोंढा टाकीत सोडला, की तेच फिनॉल त्यांना मारते. शिवाय क्रोमियम, पारा ही मूलद्रव्ये. ती जंतूंना मोडता येत नाहीत. ती बहुतांशी गाळात बसतात, आणि गाळ उपसतो तो माणूसच.

तेव्हा श्रोतेहो, टाकी बांधली एवढ्यावर समाधान मानू नका. रात्रपाळीला हवेचे यंत्र चालते काय? फिनॉल आत किती गेले, बाहेर किती आले? गाळ कोठे टाकला? ही नोंदवही कामगाराला आणि नागरिकाला पाहता आलीच पाहिजे.