जुनी बुलेट: पॅकिंग बदलताना चार्जिंगही तपासा

मोटारसायकल दुरुस्ती हा आपल्या समाजातील हजारो घरांच्या रोजीरोटीचा धंदा आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही वाहनदुरुस्तीच्या क्षेत्रात मुस्लिमांचा सहभाग मोठा असल्याची नोंद आहे. आता नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या, विजेवर चालणाऱ्या आल्या, आणि त्यांचे बरेचसे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे गेले. मात्र जुन्या गाड्यांचे काम आजही गल्लीतल्या कारीगराकडेच येते. त्यातही जुन्या बुलेटचा मालक हौशी असतो. चांगल्या कामाचे पैसे तो खळखळ न करता देतो आणि दहा लोकांना आपल्या मिस्त्रीचे नाव सांगतो. फसवणूक झाली तर तीही तो दहा लोकांना सांगतो.

मद्रासला १९५५ साली एनफील्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेट त्याच्याही आधीपासून आपल्या रस्त्यांवर आहे. येथे लिहिले आहे ते ३५० सी.सी.च्या जुन्या कास्ट आयर्न इंजिनाविषयी. २००८ नंतर युनिट कन्स्ट्रक्शनचे इंजिन आले. त्याची रचना वेगळी आहे, म्हणून त्याला हे जसेच्या तसे लावू नये.

दोन तक्रारी, एकच झाकण

जुनी बुलेट गॅरेजमध्ये येते ती बहुधा दोन तक्रारी घेऊन. एक, ऑइल गळते. दोन, बॅटरी टिकत नाही. गिऱ्हाईक या तक्रारी वेगवेगळ्या सांगतो, पण कारीगराने लक्षात ठेवावे की दोन्ही कामे डाव्या बाजूच्या एकाच झाकणाआड आहेत. प्रायमरी चेनकेसमध्ये चेन आणि क्लच आहे, तसेच वीज तयार करणारे मॅग्नेट आणि स्टेटर कॉइलही तेथेच, ऑइलच्या सहवासात आहे. म्हणून पॅकिंगसाठी झाकण उघडले की चार्जिंग तपासून घ्यावे आणि चार्जिंगसाठी उघडले की रबर नवे टाकावे. मजुरी एकदाच पडते आणि गिऱ्हाईक महिन्याभरात परत येत नाही.

झाकण उघडण्यापूर्वी

पाना हातात घेण्याआधी मीटर हातात घ्यावा. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. किराणा दुकानात तराजूला जी जागा, तीच आपल्या धंद्यात मीटरला आहे.

बारा व्होल्टची चांगली, पूर्ण चार्ज बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून मध्यम रेसवर पाहावे. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे आणि दोष बॅटरीत असण्याची शक्यता जास्त. रेस वाढवूनही आकडा तेरापर्यंत चढत नसेल तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या पुढे गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा गाडीच्या बॅटरीचे पाणी वारंवार आटते आणि बल्ब उडतात. त्याहून जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या आहेत. त्यांना हे आकडे निम्मे धरावेत. हेडलाइटजवळच्या ॲमीटरचा काटाही खूप काही सांगतो. रेस वाढवल्यावर तो अधिकाच्या बाजूला सरकला पाहिजे.

चार्जिंग नाही असे ठरले तरी लगेच स्टेटर बदलायला धावू नये. स्वस्त गोष्टी आधी पाहाव्यात. बॅटरीची टोके हिरवी पडली आहेत का? फ्यूजची पकड सैल आहे का? अर्थिंगची तार रंगावर किंवा गंजावर तर कसलेली नाही ना? आर.आर. युनिटची बॉडी चॅसीला नीट टेकली आहे का? अर्थ घासून साफ केली आणि चार्जिंग सुरू झाले, असे अनेकदा होते. या कामाला पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि दहा मिनिटे लागतात. हजार-दोन हजारांचा माल वाचतो.

यानंतर स्टेटरच्या तारा जोडापाशी सोडवाव्यात. तारांची संख्या आणि रंग मॉडेलनुसार बदलतात, म्हणून आधी कागदावर खूण करून ठेवावी. कॉइलच्या दोन टोकांत ओहम फार थोडे दिसले पाहिजेत आणि कोणत्याही टोकाचा इंजिनच्या बॉडीशी संबंध येता कामा नये. बॉडीला कंटिन्युइटी मिळाली तर कॉइल किंवा तार शॉर्ट आहे. मग मीटर ए.सी.वर ठेवून इंजिन चालवावे. रेसबरोबर व्होल्टेज चढत गेले तर स्टेटर जिवंत आहे आणि दोष पुढे, म्हणजे आर.आर. युनिटमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. खात्रीचे एक चांगले युनिट गॅरेजमध्ये ठेवून ते जोडून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा.

डावी बाजू

प्रथम बॅटरीची तार काढावी. डाव्या बाजूचा फुटरेस्ट आणि ब्रेकचे पेडल बाजूला करावे. खाली पसरट ट्रे ठेवावा, कारण नट सैल होताच ऑइल येते. हे झाकण मधल्या एकाच मोठ्या नटावर बसते आणि कडेने रबराची रिंग असते. गळती थांबेना म्हणून हा नट जोर लावून आवळणारे पुष्कळ आहेत. त्याने झाकण वाकते आणि गळती वाढते. रबर कडक झाले असेल तर नवे टाकावे, खाच स्वच्छ करावी आणि नट बेताने आवळावा.

झाकण निघाल्यावर आधी तारांकडे पाहावे. स्टेटरच्या तारा चेनकेसमधून बाहेर जातात तेथे रबरी ग्रॉमेट असते. उष्णतेने आणि ऑइलने ते कडक होते. मग तेथून ऑइल झिरपते, तारेचे आवरण फाटते, आणि तार सैल पडली तर चेनला घासते. गळती आणि शॉर्ट या दोन्हींचे मूळ पुष्कळदा या छोट्याशा रबरात सापडते.

स्टेटर तीन स्टडवर बसतो. नवा बसवताना मॅग्नेट आणि स्टेटर यांच्यामधील फट चहूबाजूंनी सारखी हवी, किमान आठ थाऊ म्हणजे ०.२ मि.मी. पोलादी फिलर गेज मॅग्नेटला चिकटते, म्हणून त्या जाडीची प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. इंजिन हाताने फिरवत फट पुन्हा पाहावी. स्टेटरच्या आत एका बाजूला घासल्याची चकाकी दिसली तर स्टेटर बसवण्यात चूक आहे किंवा क्रँकचे बेअरिंग गेले आहे. बेअरिंग गेलेल्या इंजिनात नवा स्टेटर टाकणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणे.

मॅग्नेट काढून ठेवताना ते स्वच्छ कापडात गुंडाळावे. बाकड्यावरचा लोखंडी भुसा ते ओढून घेते आणि तोच भुसा पुढे कॉइल खातो. मॅग्नेट शाफ्टवर सैल झाले, चावी झिजली, किंवा त्याचा मधला भाग ढिला पडला तर इंजिनातून ठकठक आवाज येतो. हा आवाज बिग एंडच्या आवाजासारखाच असतो. तेवढ्यावर इंजिन खोलले जाते आणि गिऱ्हाइकाला मोठा खर्च पडतो. बिग एंडचा निकाल देण्याआधी मॅग्नेट हाताने हलवून पाहावे.

झाकण उघडे आहे तोवर प्रायमरी चेनचा ढिलेपणाही पाहून घ्यावा. मध्यभागी सुमारे पाव इंच खेळ असावा. बंद केल्यावर सुमारे ४२० मि.ली. ऑइल लागते, तरी खरी पातळी लेव्हल स्क्रूवर पाहावी. जास्त ऑइल भरले तर क्लच त्रास देतो.

उजवी बाजू

टायमिंग कव्हरचे काम अधिक जोखमीचे आहे. येथे कागदी पॅकिंग असते आणि ऑइलचे मार्ग त्यातूनच जातात. पॅकिंग घरी कापले तर प्रत्येक भोक जुन्याशी ताडून पाहावे. एक भोक राहिले किंवा जादा सिलिकॉन आत दाबले गेले तर ऑइलचा मार्ग बंद होतो आणि इंजिन जाम होते. क्रँकच्या टोकाशी कव्हरमध्ये कॉर्कची सील असते. ती झिजली तर बिग एंडकडे जाणारे ऑइल कमी पडते. तिची किंमत नगण्य आहे, म्हणून कव्हर उघडले की ती बदलावी.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी स्क्रू खोचून ठेवावा. आवळताना समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जावे.

जुने पॅकिंग खरवडायला स्क्रूड्रायव्हर वापरू नये. ॲल्युमिनियमला चरा पडला की तेथूनच गळती सुरू होते. पितळेची किंवा कठीण प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते आणि तिचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो. म्हणून पॅकिंग ऑइलने ओले करूनच काढावे, कोरडे घासू नये, हवेच्या पाइपने उडवू नये. हे काम बहुधा शागिर्दाकडे दिले जाते. त्याच्या छातीची जबाबदारी उस्तादावर आहे.

सगळी पॅकिंगे नवी टाकूनही ऑइल चहूकडून येत असेल तर ब्रीदर पाइप पाहावा. त्याच्या टोकाचे चोचीसारखे रबर कडक झाले किंवा पाइप तुंबला तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडते. अशा वेळी पॅकिंग कितीही बदलली तरी उपयोग नाही.

मालाची खरेदी आणि बिल

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड, दिल्लीत करोल बाग येथे बुलेटचा माल मिळतो. त्यात कंपनीचा, लोकल आणि जुना असे सर्व प्रकार असतात. जुना किंवा लोकल माल विकणे गैर नाही. तो नवा किंवा कंपनीचा म्हणून विकणे गैर आहे. वरून कोरड्या आणि आत भिजलेल्या धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी व्यापाऱ्याला दिलेली ताकीद आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कंपनीच्या डब्यात लोकल स्टेटर घालून विकणे हा तोच भिजलेला ढीग आहे.

दुरुस्तीची मजुरी काम हाती घेण्यापूर्वी ठरवावी. शरीयतच्या दृष्टीनेही मजुरी अगोदर निश्चित असणे आवश्यक आहे. काम चालू असताना नवा दोष निघाला तर मालकाला कळवून मगच पुढे जावे. बिलावर दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे व्होल्टेज लिहावे, माल कोणता टाकला ते लिहावे आणि काढलेले भाग पिशवीत घालून परत द्यावेत. तपासणीचे पैसे मात्र स्पष्टपणे घ्यावेत. दोष शोधणे हेच खरे कौशल्य आहे आणि त्याचे मोल मागण्यात संकोच नको. मीटर लावण्याचे पैसे मिळत नाहीत म्हणूनच कारीगर मालात पैसे काढायला जातो आणि नको ते भाग बदलतो.

पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते. तेव्हा आर.टी.ओ. तपासणीत दिवे आणि हॉर्न चालू असावे लागतात. म्हणजे हे काम जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत तोवर येतच राहणार. रात्रीच्या वेळी घाटात दिवा गेला तर प्रसंग जिवावर बेततो, हेही विसरता येणार नाही. गिऱ्हाईक गाडी सोडून जातो तेव्हा ती आपल्याकडे अमानत असते. मोजून काम करावे, झाले तेवढेच सांगावे, घेतले तेवढेच लिहावे. अशा रोजीत बरकत आहे, इन्शाअल्लाह.