कालचा बांगडा आणि मायक्रोवेव्ह

मालवण-देवगडच्या बऱ्याच घरांत आता मायक्रोवेव्ह आला आहे. कुठे मुंबईच्या मुलाने गणपतीत आणून दिलेला, कुठे पर्यटकांच्या जेवणासाठी घेतलेला. तो सुरू झाला की आजी नातवाला मागे ओढते, "थंय जाव नको रे, किरणां लागतली!" पण रात्रभर ओट्यावर राहिलेले बांगड्याचे तिखले त्यातच गरम करून त्याच नातवाला वाढताना कुणाचा हात थबकत नाही. भीती नको तिथे आहे आणि हवी तिथे नाही.

मायक्रोवेव्हच्या लहरी रेडिओच्या जातीच्या, २४५० मेगाहर्ट्झच्या. क्ष-किरणांसारखी अणूतले इलेक्ट्रॉन उडवण्याची ताकद त्यांच्यात नसते, आणि अन्नही किरणोत्सारी होत नाही. बटण बंद झाले की लहरीही संपतात. लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची, दाराच्या जाळीची भोके जेमतेम मिलिमीटरभर; त्यातून ती बाहेर पडत नाही. आपल्याकडे जपायचे ते खाऱ्या वाऱ्याला. बिजागरी सैल झाली, दार घट्ट बसेना किंवा आतला पत्रा गंजून भोक पडले, तर यंत्र वापरू नका. घरी खोलूही नका, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा वीजसाठा राहू शकतो.

दुसरा समज असा की मायक्रोवेव्ह अन्न आतून शिजवतो. तसे नाही. लहरी दोन-तीन सेंटिमीटरच आत शिरतात, मधला भाग हळूहळू तापतो. म्हणून उकड्या भाताचा गोळा कडेला चटका देतो आणि मध्ये गार राहतो. भात पसरा, झाकण ठेवा, मध्येच एकदा ढवळा, बाहेर काढल्यावर दोन मिनिटे थांबा. सगळीकडून वाफ यायला हवी.

अख्खे अंडे त्यात ठेवू नका, ते फुटते. हॉटेलच्या पार्सलच्या पातळ प्लास्टिक डब्यात कालवणही गरम करू नका. तेलकट रस्सा पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि डबा वितळतो.

आता मूळ मुद्दा. "चांगले कढवले की सगळे मरते" हा समज सर्वांत घातक. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाविना उन्हात राहिले की त्यांत जिवाणू हिस्टामाइन तयार करतात. जिवाणू उष्णतेने मरतात, हिस्टामाइन मात्र राहते. ना उकळल्याने जाते, ना गोठवल्याने. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते. आपण त्याला माशाची ॲलर्जी म्हणून मोकळे होतो. बाहेर राहिलेल्या भातातही काही जिवाणूंचे विष असेच टिकून राहते.

म्हणून बाजारातूनच मासा बर्फात आणा. तिखले मुरल्यावर चवदार लागते हे खरे, पण मुरवायचे ते फ्रिजमध्ये. शिजलेले अन्न दोन तासांत आत गेले पाहिजे, मे महिन्याच्या उकाड्यात तासाभरातच. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. बंद फ्रिज गारवा धरतो तो सुमारे चार तास. त्यानंतर आतले मासे टाकून द्यायला जिवावर येऊ देऊ नका. वास ठीक वाटला म्हणून विसंबू नका; हिस्टामाइनला वास नसतो.