पत्ता एक, दारे पासष्ट हजार

पेडण्याचा पिन कोड ४०३५१२, डिचोलीचा ४०३५०४. टपाल योग्य भागात पोहोचण्यास हे आकडे पुरतात. पुढे घर आणि घरातील माणूस शोधावा लागतो. इंटरनेटवरही आयपी पत्ता माहितीला योग्य संगणकापर्यंत आणतो आणि तेथील कोणत्या प्रोग्रामने ती स्वीकारायची, हे पोर्ट क्रमांक ठरवतो. पोर्तुगीजमध्ये दाराला ‘पोर्ता’ म्हणतात. मुरगावच्या बंदरापेक्षा हाच अर्थ येथे जवळचा आहे.

या क्रमांकासाठी १६ बिट राखलेले असल्याने तो ० ते ६५,५३५ यांदरम्यान असतो. ‘आयाना’ या संस्थेकडील नोंदीत त्याचे तीन पट्टे आहेत. ० ते १०२३ हा सर्वपरिचित सेवांचा: सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, ईमेलच्या देवाणघेवाणीसाठी २५. लिनक्समध्ये ही दारे उघडण्यास सहसा प्रशासकाचे अधिकार लागतात. १०२४ ते ४९,१५१ हे क्रमांक अर्ज करून नोंदवता येतात. मायएसक्यूएलचा ३३०६ आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ त्यांतलेच. ४९,१५२ पासून पुढचे कोणाच्याही नावे होत नाहीत. संकेतस्थळ उघडताना ब्राउझरसाठी त्यांतील एखादा तात्पुरता घ्यावा आणि काम संपताच सोडावा, अशी योजना आहे. प्रत्यक्षात लिनक्स ३२,७६८ पासूनच असे क्रमांक वापरू लागते. पट्ट्यांचे बंधन त्यामुळे बरेचसे सांकेतिकच राहते.

नेमके हेच विसरले जाते. मोरजी-हरमलच्या अतिथिगृहाच्या मालकाला घरबसल्या कॅमेरे पाहायचे असतात. डिचोली बाजारातील दुकानदाराला वाटते, लेखापालाने बिलिंगचा संगणक दुरूनच हाताळावा. त्यासाठी राउटरमधून एक पोर्ट कायमचे उघडले जाते. ३३८९ असे जगासमोर उघडे राहिले, की पासवर्ड ओळखण्याचे यांत्रिक प्रयत्न सुरू होतात. संगणकातील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांचा हा जुनाच मार्ग. काही तंत्रज्ञ त्यावर तोडगा म्हणून पन्नास हजारांपुढचा क्रमांक देतात. त्याने शोध थोडा लांबतो, इतकेच. एका पत्त्याची सर्व ६५,५३६ दारे ठोठावून पाहणारी साधने मोफत मिळतात. दार बंद करून व्हीपीएनमधून आत येणे हा खरा उपाय, थोडा खटपटीचा असला तरी.

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ या शीर्षकाखाली अशा दारांची यादी दिसते. तीत तिसऱ्या पट्ट्यातील क्रमांक आढळला, तर राउटर बसवणाऱ्याला विचारावे: तात्पुरत्या वापराचा क्रमांक कायमचा कशासाठी उघडला?