विश्लेषण : ड्रॅगनला लाल रंग देणे इतके अवघड का?

ब्रिटनमधील नॉटिंगहॅम येथे मुख्यालय असलेली गेम्स वर्कशॉप ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजाराच्या ‘एफटीएसई १००’ निर्देशांकात, म्हणजे तिथल्या शंभर बड्या कंपन्यांच्या पंगतीत जाऊन बसली. ही कंपनी ना बँक चालवते, ना तेल काढते. ती विकते बोटाच्या पेरांएवढे प्लास्टिकचे योद्धे, राक्षस आणि ड्रॅगन; तेही करडे आणि सुट्या भागांत. जोडायचे गिऱ्हाइकाने आणि रंगवायचेही त्यानेच. अनेकांच्या बाबतीत खेळ बाजूला राहतो आणि रंगवणे हाच मुख्य छंद होऊन बसतो. मात्र नवशिक्याचा पहिला ड्रॅगन बहुतेक वेळा जत्रेतल्या खेळण्यासारखा दिसतो आणि उरलेले पुतळे खोक्यातच राहतात. असे का होते? सराईत मंडळी वेगळे काय करतात?

हे पुतळे आले कुठून?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये आला. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्यांच्या मंडळांतून तो वाढला. त्यातले काही राक्षस तर खेळण्यांतूनच जन्मले. हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिक प्राण्यांच्या पाकिटात काही चमत्कारिक आकार असत. गायगॅक्स यांनी ते पटावर वापरले आणि त्यांतून लोखंड गंजवून खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’, अर्धे घुबड-अर्धे अस्वल असा ‘आउलबेअर’ अशी पात्रे तयार झाली. म्हणजे राक्षस आधी खेळण्यात होता, पुस्तकात नंतर गेला. ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आला आणि रंगवलेले सैन्य ही खेळाची जवळजवळ अटच होऊन बसली. आज माणसाच्या आकाराचा पुतळा साधारण २८ ते ३२ मिलिमीटरचा असतो. ड्रॅगन अर्थातच त्याच्या कित्येक पट मोठा.

आधी रंग निवडायचा की उजेड?

नवशिका आधी रंग निवडतो. खरे तर आधी ठरवायचा असतो उजेड. हिशेब साधा आहे. २८ मिलिमीटरचा पुतळा हातभर अंतरावरून पाहणे म्हणजे खरा माणूस ३५-४० मीटरवरून पाहणे. इतक्या लांबून कपड्याची चुणी, बोटांमधली फट, नाकाखालची सावली दिसत नाही. शिवाय खोलीतला दिवा आणि भिंतींवरून परतणारा प्रकाश पुतळ्यावर चहूबाजूंनी पडतो. त्यामुळे एकाच हिरव्या रंगाने नीट, रेषेबाहेर न जाता रंगवलेला राक्षसही सपाट दिसतो. रंगवणाऱ्याचे काम काय, तर जी सावली दिसायला हवी पण दिसत नाही, ती रंगाने काढणे.

यासाठी प्रचलित असलेली युक्ती म्हणजे ‘झेनिथल’ अस्तर. पुतळ्यावर सगळीकडून काळा प्रायमर मारायचा आणि तो वाळल्यावर फक्त वरच्या बाजूने पांढरा. डोके, खांदे, पाठ उजळ होतात. हनुवटीखाली, काखेत, पोटाखाली काळोख उरतो. वरून पातळ रंग दिला की खालचा हा उजेड-अंधार आपोआप डोकावतो.

निसर्ग नेमके याच्या उलट करतो. हरणाची किंवा शार्कची पाठ गडद आणि पोट फिकट का असते, याचे उत्तर अॅबट थेयर या अमेरिकी चित्रकाराने १८९६ मध्ये दिले. वरून पडणारे ऊन पाठ उजळवते आणि पोट सावलीत ढकलते. अंगावरचा रंग त्याच्या विरुद्ध असल्याने दोन्हींची वजाबाकी होते आणि प्राणी सपाट, म्हणूनच न दिसणारा होतो. शिकारी प्राण्याला लपायचे असते, टेबलावरच्या ड्रॅगनला उठून दिसायचे असते. म्हणूनच फिकट पोटाचा ड्रॅगन रंगवताना गंमत होते. पोट खऱ्या प्राण्यासारखे पांढुरके ठेवले तर तो आकार हरवतो आणि गडद केले तर प्राणी वाटत नाही. यावर तोडगा म्हणजे पोटाचा रंग फिकट जातीचाच, पण सावलीतला : पांढऱ्याऐवजी मातकट किंवा निळसर करडा. उजळ पिवळसर छटा फक्त छातीच्या वरच्या पट्ट्यांवर.

छटा जमली की नाही, हे तपासायला मोबाइल पुरतो. पुतळ्याचा फोटो काढून तो कृष्णधवल करायचा. त्यात तोंड आणि धड वेगळे ओळखू आले नाहीत, तर कितीही महागडा रंग लावून उपयोग नाही.

कोणत्या राक्षसाला कोणता रंग, हे कोणी ठरवले?

बऱ्याच अंशी खेळांनीच. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये ड्रॅगनचा रंग म्हणजे त्याचा स्वभाव आणि शस्त्र. लाल ड्रॅगन आग ओकतो, निळा वीज, हिरवा विषारी वायू, काळा आम्ल आणि पांढरा गोठवणारी थंडी. सोनेरी-रुपेरी हे सज्जनांतले. पांढरा ड्रॅगन कुणी हौसेने लाल रंगवला तर समोरचा खेळाडू आगीपासून वाचण्याची तयारी करणार. इथे रंग ही माहिती आहे. हिरव्या ऑर्कची गोष्टही अशीच. टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतले ऑर्क हिरवे नव्हते. हिरवी कातडी रुजवली ती प्रामुख्याने वॉरहॅमरच्या पुतळ्यांनी, आणि १९९४ नंतर ‘वॉरक्राफ्ट’ या व्हिडिओ गेमने ती घरोघरी नेली.

खोक्यावरच्या चित्रासारखेच रंगवले पाहिजे असा मात्र कुठलाही नियम नाही. नवा रंग शोधायचा तर खऱ्या प्राण्यांकडे वळणे बरे. विषारी बेडूक आणि गांधीलमाशी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी ‘जवळ येऊ नका’ असे सांगतात. ही भाषा पाहणाऱ्याला न शिकवता कळते. दलदलीतल्या राक्षसाला अंगभर मळकट शेवाळी आणि फक्त गळ्याखाली भडक नारिंगी दिले की तो विषारी वाटतो. त्याला अंगभर नारिंगी दिले की तो फुगा वाटतो.

मग लाल रंगाची अडचण काय?

लाल रंगात पांढरा मिसळला की गुलाबी होतो. काळा मिसळला की मेलेला, मळका तपकिरी. गर्द लाल हा मुळातच बऱ्यापैकी काळोखा रंग आहे; ‘उजळ लाल’ अशी वस्तू डब्यात नसतेच. पिवळ्याचे उलट. तो जन्मतःच उजळ, त्यात काळा घातला की हिरवट होतो. म्हणून लाल ड्रॅगनची उजळ कड काढताना पांढऱ्याकडे न जाता नारिंगीकडे आणि शेवटी अगदी थोड्या पिवळसर छटेकडे जातात; सावलीसाठी जांभळट तपकिरी किंवा वांगी रंग वापरतात. लाल तसाच राहतो, तापमान तेवढे बदलते.

दुसरी अडचण रंगद्रव्याची. अनेक लाल आणि पिवळे रंग पारदर्शक असतात. काळ्या अस्तरावर ते चार-चार हात देऊनही झाकत नाहीत. वैतागून जाड थर दिला की खवल्यांचे कोरीवकाम बुजते, आणि नवशिक्याचा ड्रॅगन इथेच खेळणे होतो. त्याऐवजी खाली गुलाबी किंवा विटकरी थर द्यायचा, मग लाल. डंकन ऱ्होड्स या वॉरहॅमरच्या व्हिडिओंतून प्रसिद्ध झालेल्या शिक्षकाचे ‘दोन पातळ हात’ हे पालुपद या छंदात इतके मुरले की पुढे त्याच नावाने त्यांची रंगमालिका आली.

केस, खवले आणि पंखांना एकच तंत्र चालते का?

नाही. ज्याचा पृष्ठभाग खडबडीत, त्याला आळशी तंत्रे छान चालतात. केस आणि खवल्यांवर आधी ‘वॉश’, म्हणजे शाईसारखा पातळ गडद रंग सोडतात. तो आपणहून खाचांत जाऊन बसतो. नंतर ‘ड्रायब्रश’ : ब्रशवरचा रंग कागदाला जवळजवळ पुसून टाकायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. अर्ध्या तासात आउलबेअर उभा राहतो. ड्रॅगनच्या पंखाचा गुळगुळीत पडदा मात्र हे लाड चालवून घेत नाही. तिथे ड्रायब्रशने खडूसारखे ओरखडे उठतात आणि वॉशची डबकी साचून चहाच्या कपासारखे डाग पडतात. तिथे एकावर एक पातळ ‘ग्लेझ’ देत, हाडाजवळ गडद आणि कडेला उजळ, असे तासन्‌तास बसावे लागते.

गेम्स वर्कशॉपने २०१९ मध्ये ‘कॉन्ट्रास्ट’ रंग आणले. फिकट अस्तरावर एकच हात दिला की खाचांत गडद, उंचवट्यावर फिकट. ही फसवणूक आहे, असा सूर काही जुन्या जाणत्यांनी लावला. तो पटण्यासारखा नाही. ज्यांचे सैन्य वर्षानुवर्षे करडे पडून होते, त्यांचे या रंगांनी पटावर आले. पण पंखांवर हे रंगही वॉशइतकेच हट्टी ठरतात. शेवटचा हात वार्निशचा : अंगावर मॅट आणि जीभ, डोळे, लाळ यांच्यावर चकचकीत. या दोन चकाक्यांतला फरकच ओलेपणा दाखवतो.

डोळे आधी की शेवटी?

गणेशमूर्तीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी अखेरच्या टप्प्यावर आणि सर्वांत कसलेल्या हाताकडे असते. मिनिएचरवाले अनेकदा उलट करतात. डोळे आधी रंगवतात. ब्रश घसरला तरी पापणीभोवतीच्या कातडीच्या रंगाने चूक झाकता येते. बुबुळाभोवतीचे पांढरे शुद्ध पांढरे न ठेवता हस्तिदंती ठेवले की राक्षस दचकलेला दिसत नाही. दातांचेही तसेच : मुळाशी तपकिरी, मग हाडाचा रंग, पांढरा फक्त टोकाला. सर्वांत जास्त उजेड-अंधाराचा फरक चेहऱ्यावर ठेवायचा, कारण नजर तिथे जायला हवी. शेपटीच्या प्रत्येक खवल्यावर तेवढीच मेहनत घेतली तर चेहराच हरवतो.

आपल्या हवेत काय अडचणी येतात?

मुंबई-कोकणच्या दमट हवेत स्प्रे प्रायमर मारला तर पृष्ठभागावर पांढुरके, भुरभुरीत पटल येऊ शकते आणि ते कोरीवकामासकट बसते. नागपूरच्या मे महिन्यात याच्या उलट : अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो. त्यावर घरगुती उपाय म्हणजे झाकणाच्या डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर. त्यावर काढलेला रंग कित्येक तास ओला राहतो. ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवय या छंदात सर्रास दिसते. काही रंगांत कॅडमियमसारखे घटक असू शकतात, त्यामुळे टोक ओल्या स्पंजवरच काढावे. रेझिनचे पुतळे घासताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. पावसाळ्यात प्रायमर डबीतून ब्रशने लावता येतो. वेळ जास्त लागतो आणि थरही पातळच ठेवावा लागतो. ज्यांना स्प्रेच हवा, ते ड्रॅगन जोडून ठेवतात आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेची वाट पाहतात.