मोटारीचे चाक आणि घाटाचा रस्ता

चाकाचा विचार करण्यापूर्वी रस्त्याचा विचार करावा, हे आपल्या गाडीवानांस पुस्तकावाचून ठाऊक होते. बैलगाडीचे चाक उंच असते, कारण उंच चाक खड्ड्यात कमी उतरते व दगडावरून सहज चढते. त्याच्या भोवती लोखंडी धाव चढविलेली असते, कारण दगडाशी झगडावयाचे ते लोखंडाने, लाकडाने नव्हे. मोटारीच्या चाकात हेच काम रबर व त्यात कोंडलेली हवा ह्यांच्याकडे सोपविलेले आहे. एवढी गोष्ट ध्यानात धरली म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

आज सातपुड्यातील कित्येक कुटुंबांनी काटकसर करून, प्रसंगी कर्ज काढून, लहान मोटार घेतलेली आहे. तिच्यातून आमचुराची पोती बाजारास जातात. आणि वेळ आली म्हणजे आजारी माणसास घेऊन हीच मोटार मध्यरात्री मोलगीहून देवगोईचा घाट उतरून अक्कलकुव्याकडे धावते. अशा घरातील तरुण शहरात जातात, जमिनीशी खेटून चालणाऱ्या, चकचकीत मोठ्या चाकांच्या मोटारी पाहतात आणि घरी येऊन तसाच हट्ट धरतात. हा हट्ट त्या वयास शोभण्यासारखा आहे. तेव्हा त्याची थट्टा न करता त्याच्या मागील शास्त्र काय आहे, ते पाहू.

'अलॉय' म्हणजे मिश्रधातू. तसे पाहिले तर पोलादही लोखंड व कार्बन ह्यांचे मिश्रणच होय. परंतु बाजारात 'अलॉय व्हील' म्हटले की अॅल्युमिनियमचे चाक समजावे. अॅल्युमिनियममध्ये सुमारे 7 टक्के सिलिकॉन व अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम मिसळून हा धातू साच्यात ओततात. अॅल्युमिनियमची घनता 2.7 आहे, तर पोलादाची 7.8. ह्या हलकेपणामुळेच 1924 साली फ्रान्समधील लियाँ येथील शर्यतीत बुगाटी कंपनीने आपल्या 'टाइप 35' ह्या मोटारीस आठ आऱ्यांची अॅल्युमिनियमची चाके लावली होती.

हलक्या चाकाचा लाभ खरा आहे. मोटार सुरू होताना चाकास दोन गती द्याव्या लागतात, एक पुढे जाण्याची व दुसरी फिरण्याची. म्हणून चाकाच्या परिघाशी असलेला एक किलो भार मोटारीच्या अंगावरील जवळजवळ दोन किलोंइतका जड पडतो. परंतु ह्यातच एक मेख आहे. चाक हलके होते ते त्याचे माप तेच ठेविले तर. माप वाढवीत गेल्यास धातूही वाढतो, तो परिघाकडे सरकतो, टायरही रुंद घ्यावा लागतो. आणि मूळच्या लहान पोलादी चाकाहून नवे मोठे चाक पुष्कळदा जडच भरते.

आता टायरवरील अंक वाचावयास शिकू. मारुती स्विफ्ट ह्या परिचित मोटारीच्या साध्या प्रकारास 165/80 आर 14 हे टायर येत असत. ह्यात 165 ही रुंदी मिलिमीटरांत आहे. 80 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा 80. 'आर' हे रेडियल बांधणीचे चिन्ह. आणि 14 हा आतील धातूच्या रिमचा व्यास इंचांत. भिंत झाली 132 मिलिमीटर. रिमचा व्यास 14 गुणिले 25.4, म्हणजे 355.6. त्यात वरची व खालची भिंत मिळविली की पूर्ण चाकाची उंची सुमारे 620 मिलिमीटर येते.

ही 620 ची बेरीज मोडता कामा नये, कारण वेग दाखविणारे मीटर चाकाच्या फेऱ्यांवर चालते. समजा, कोणी 205/55 आर 17 हे टायर बसविले. त्याची उंची 657 होते, म्हणजे शेकडा 6 अधिक. मग मीटर पूर्वीइतकाच 60 चा वेग दाखवील तेव्हा मोटार वस्तुतः सुमारे 64 ने धावत असेल. शिवाय चाक मडगार्डास घासेल, ते निराळेच. म्हणून जाणता कारागीर 17 इंची रिमवर 205/45 हे टायर निवडतो. त्याची उंची 616, म्हणजे मूळच्या जवळजवळ बरोबर. गणित जुळले खरे; पण भिंत किती उरली? 132 होती, ती 92 झाली. धातूचे वर्तुळ वाढले ते रबराच्या व हवेच्या वाट्यातून वाढले. मोटार तर एका बोटानेही उंच झाली नाही.

गुळगुळीत मार्गावर ही आखूड भिंत गुणकारी असते. वळणावर ती कमी झुकते व मोटार सुकाणूची आज्ञा तत्काळ पाळते. परंतु पावसाळ्यानंतरच्या घाटात तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात चाक आपटले, की 92 मिलिमीटरांची गादी दबून रिमची कड थेट दगडास भिडण्याचा संभव फार वाढतो. पोलादी चाक अशा वेळी बहुधा वाकते व कामापुरते ठोकून सरळ करता येते. ओतीव अॅल्युमिनियम पोलादाइतके वाकत नाही. आघात मोठा असल्यास त्यास चीर जाते. चिरेतून हवा निसटते, आणि असे चाक वेल्डिंग करून पुन्हा वापरणे धोक्याचे असते, कारण त्या उष्णतेने आसपासच्या धातूचे बळ कमी होते.

ह्यावर मोटार बुटकी करण्याचा दुसरा प्रयोग होतो. तिची उंची कमी केल्याने गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावर तोल सुधारतो, हे तत्त्व निर्विवाद आहे. त्यासाठी खास घडविलेल्या आखूड व ताठ स्प्रिंगा मिळतात. परंतु पैसा वाचविण्यासाठी कोणी मूळ स्प्रिंगेचेच वेढे कापतात, कोणी ती ज्योतीने तापवून बसवितात. तापविल्याने स्प्रिंगेचे पाणी उतरते. वेढे कापल्याने ती ताठ होते, आणि चाक खड्ड्यावर अधांतरी लोंबले असता आपल्या बैठकीतून निसटू शकते. शॉक अॅब्सॉर्बरची चाल मात्र मूळच्याच मापाची राहते, म्हणून तोही लवकर निकामी होतो.

येथे गतिरोधकाचे गणित मुलांनी स्वतः करून पाहावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर लांब व 17 मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा. 2018 च्या स्विफ्टच्या पुढील व मागील चाकांत 2450 मिलिमीटर अंतर असून पोटाखाली 163 मिलिमीटर जागा असे. ती प्रमाणशीर कमानीच्या मध्यावर आली असता चाकेही कमानीवरच असल्यामुळे दोहोंच्या मध्ये उंचवटा येतो तो केवळ 44 मिलिमीटर. परंतु गावोगावी अरुंद व उभट गतिरोधक घातलेले असतात. अशावर पुढची चाके पलीकडे व मागची अलीकडे राहतात आणि सगळी उंची मोटारीच्या पोटाखाली येते. मोटार 40 मिलिमीटर खाली आणली असेल तर जागा उरते 123. पाच माणसे व एखादे पोते चढले की तीही घटते. मग इंजिनाचे चेंबर दगडावर आपटून तेल सांडावयास किती वेळ लागणार? मध्यरात्री घाटात तेल सांडले, तर आतील रुग्णास पुढे कसे न्यावयाचे, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कायद्याचाही येथे संबंध येतो. मोटार वाहन कायदा, 1988 ह्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातील माहिती कारखानदाराने ठरविलेल्या माहितीशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलास दर बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत. विमा कंपनीस न कळविता केलेला बदल अपघातानंतर भरपाईच्या आड येऊ शकतो, हेही पालकांनी विसरू नये.

मग हौस मुळीच करू नये काय? असे नाही. त्याच मोटारीच्या वरच्या प्रकारास कारखान्यानेच दिलेले माप घ्यावे. स्विफ्टच्याच भारी प्रकारास 185/65 आर 15 हे टायर येत असे. त्याची उंची 621 भरते, आणि भिंत 120 मिलिमीटर राहते. चाक घेताना बोल्टांचे वर्तुळ, मध्यभागाचे भोक व चाकाची आतबाहेरची बैठक, म्हणजे ऑफसेट, ही तिन्ही मूळच्याप्रमाणे जुळली पाहिजेत. नाहीतर बेअरिंगवर वेडावाकडा भार पडतो. टायरवरील भारांक मूळच्याहून कमी नसावा. 85 ह्या अंकाचा अर्थ ते टायर 515 किलो भार पेलते, असा आहे. नट नव्या चाकाच्या बैठकीस जुळणारेच घ्यावेत, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळून पाहावेत. मोटारीची उंची मात्र कारखान्याने ठेविली तीच राहू द्यावी.

विद्यार्थी मित्रहो, शर्यतीच्या मोटारीचे चाक शर्यतीच्या मार्गासाठी घडलेले असते, आणि तेथे ते सुंदरही दिसते. आपली मोटार ज्या वाटेने चालावयाची, ती वाट देवगोईच्या घाटातून जाते. त्या वाटेवर रबराची प्रत्येक बोटभर जाडी व पोटाखालची प्रत्येक बोटभर जागा आत बसलेल्या आईबापांच्या रक्षणार्थ आहे. ती विकून चकाकी विकत घेण्यापूर्वी हातात पट्टी व पेन्सिल घ्यावी, वरील बेरीज-वजाबाकी एकदा करून पाहावी, आणि मग निर्णय करावा.