स्विंग बघून भविष्य सांगणारे

अलिबाग-किहीमच्या बंगल्यांच्या व्हरांड्यात शनिवार-रविवारी रंगणाऱ्या गप्पांमध्ये हल्ली गोल्फही आलं आहे. टीव्हीवर मोठी स्पर्धा चालू असते, कुणीतरी मोबाइलवर खेळाडूचा फटका स्लो मोशनमध्ये थांबवून दाखवतो आणि निकाल देतो : ‘खांदा बघ त्याचा. असा स्विंग असलेला माणूस टिकत नाही.’ समोरचे माना डोलावतात. हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा समाचार घेणं भाग आहे.

जिम फ्युरिक नावाचा अमेरिकन खेळाडू आहे. त्याची काठी मागे जाताना आकाशात एक वळसा घेते आणि खाली येताना भलत्याच वाटेने येते. कुठलाही प्रशिक्षक नवशिक्याला असं करू देणार नाही. या माणसाने २००३ साली यूएस ओपन जिंकलं आणि २०१६ मध्ये एका फेरीत ५८ फटक्यांचा विक्रम केला. पीजीए टूरवर त्याआधी कुणालाच इतकी कमी संख्या गाठता आली नव्हती. आपल्याकडे जीव मिल्खा सिंग. त्याचा स्विंगही पुस्तकातल्या चित्रासारखा कधीच नव्हता. २००६ मध्ये त्याने चीन ओपन आणि व्होल्व्हो मास्टर्स ही युरोपियन टूरची दोन विजेतेपदं मिळवली. स्कॉटी शेफलरचा तर मारताना उजवा पाय जागेवरून सरकतो. त्याच्याकडे दोन मास्टर्स, एक पीजीए, एक ओपन आणि पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण आहे. उलट बाजूला ॲडम स्कॉट. त्याचा स्विंग पाहून लोक हरखतात, मीही हरखतो. पण त्याच्या खात्यावर मेजर, म्हणजे गोल्फमधली सर्वांत मानाची स्पर्धा, एकच आहे, २०१३ ची मास्टर्स.

यावर लगेच ‘म्हणजे वाकडा स्विंगच चांगला का?’ असं विचारू नका. वाकड्या स्विंगचे जे शेकडो जण मागे पडले, ते टीव्हीवर येतच नाहीत. मुद्दा साधा आहे. आपला डोळा जे बघतो आणि चेंडूला जे जाणवतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. तेवढ्यात काठीच्या तोंडाची दिशा, तिचा मार्ग, वेग आणि चेंडू तोंडावर नेमका कुठे लागला, एवढंच ठरतं. त्याआधी काठी कुठून फिरून आली, याचं चेंडूला काही देणंघेणं नाही. जुनी पुस्तकं सांगायची की चेंडू काठीच्या मार्गाच्या दिशेने निघतो. रडारवर मोजल्यावर उलटंच निघालं : सुरुवातीची दिशा मुख्यतः तोंड ठरवतं, ड्रायव्हर या लांब फटक्याच्या काठीच्या बाबतीत तर सुमारे ८५ टक्के. तोंड एका अंशाने चुकलं तर २५० यार्डांवर चेंडू जवळजवळ चार यार्ड बाजूला जातो आणि कडेच्या फिरकीने होणारं वळण त्यात धरलेलंच नाही. हा एक अंश व्हरांड्यातून, मोबाइलवर दिसेल का? फ्युरिकचं कौशल्य इतकंच की सगळे वळसे घेऊनही तोंड दरवेळी तिथेच परत येतं. प्रशिक्षकही व्हिडिओ बघतात, पण एखादी ठरावीक चूक शोधायला. त्यावरून ते कुणाची कुंडली मांडत नाहीत.

मग खेळाडू पुढे जाईल की नाही, हे कशावरून ओळखायचं? नागाव-वरसोलीच्या मैदानावर टेनिस क्रिकेटचा संघ निवडतात तसंच : बॅट कशी धरतो ते राहू द्या, कुठल्या गोलंदाजीसमोर किती धावा काढल्या ते सांगा. गोल्फमध्ये हे काम कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी आकड्यांनी केलं. पीजीए टूरवर प्रत्येक फटक्याची नोंद होते. चेंडू जिथे पडला तिथून सरासरी खेळाडूला किती फटके लागतात, हे त्यांनी काढलं आणि त्या तुलनेत कोण किती फटके वाचवतो, ते मोजलं. २०१४ च्या ‘एव्हरी शॉट काउंट्स’ या पुस्तकात त्यांनी दाखवलं की अव्वल खेळाडूंच्या आघाडीतला सुमारे ४० टक्के वाटा ग्रीनकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीकडे, मारलेल्या लांबच्या फटक्यांचा असतो, २८ टक्के पहिल्या फटक्याचा, १७ टक्के ग्रीनभोवतीच्या खेळाचा आणि पटिंगचा, म्हणजे हिरवळीवर चेंडू भोकात घालण्याचा, फक्त १५ टक्के.

आता ‘पटिंगच सगळं ठरवतं’ म्हणणारे चिडतील. त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. एखादी स्पर्धा जिंकली जाते त्या आठवड्यात विजेत्याच्या आघाडीतला पटिंगचा वाटा ३५ टक्क्यांपर्यंत जातो, असंही ब्रॉडीच सांगतात. एका आठवड्यात पट लागतात, पुढच्या आठवड्यात लागत नाहीत. तोक्यो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचे लागले. करोनातून नुकतीच उठलेली, जागतिक क्रमवारीत २०० वी, ड्राइव्हचं अंतर मैदानातल्या जवळजवळ सगळ्यांपेक्षा कमी. तरी ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. पण म्हणून अंतर बिनकामाचं, असंही नाही. हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंमधला सुमारे दोन-तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतच असतो.

त्याच तोक्योत पुण्याचा उदयन माने खेळला. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि यादीतला पुढचा म्हणून त्याची वर्णी लागली. त्याचा स्विंग बघून कुणी त्याला निवडलं नव्हतं. जागतिक क्रमवारी गेल्या दोन वर्षांतल्या कामगिरीची सरासरी काढते, जुने निकाल हळूहळू हलके करत नेते आणि नाव वरखाली करते. कंटाळवाणी पद्धत आहे, पण तिच्यात मोबाइलच्या कॅमेऱ्याचा कोन आडवा येत नाही. आणि येतो तो भरपूर : कॅमेरा हातभर डावीकडे ठेवला की सरळ स्विंगही तिरका दिसतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘चेंडूवरून डोकं उचललं म्हणून फटका बिघडला’ : ॲनिका सोरेनस्टॅमचं डोकं फटका बसतानाच फिरायला लागायचं, आणि दहा मेजर तिच्या नावावर आहेत. ‘चाळिशीनंतर संपलं’ : फिल मिकलसनने पीजीए चॅम्पियनशिप पन्नाशीत जिंकली, २०२१ मध्ये. ‘क्लबात शून्य हँडिकॅप म्हणजे व्यावसायिकच’ : टूरवरचे खेळाडू शून्याच्या कितीतरी पुढे असतात, आणि तेही त्याहून अवघड कोर्सवर. ‘आपल्याकडे गोल्फ फक्त क्लबवाल्यांचं’ : रायगड जिल्ह्यातच, खारघरला, सिडकोने बांधलेला कोर्स आहे. तिथे जाऊन एक बादली चेंडू मारा आणि मग सांगा कुणाचा खांदा चुकतो ते.